हुद्दा विरुद्ध लेखणी: सरहद्दीवरच्या लष्करी ठाण्यातल्या एका फार्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका मराठी मंडळाच्या हौशी नाट्यगटाचं हे प्रकरण आहे. गटाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी या गटाच्या तालमींना संहिता बघायला म्हणून बसत होतो.

गट दिवाळीच्या सुमारास एक दोन अंकी नाटक करतो. संहिता बहुतेक वेळा पुण्या-मुंबईहून येते. या वेळी गटातल्याच एका सभासदाने नवं नाटक लिहायला घेतलं. तो कॅन्ससमध्ये बरीच वर्षं राहतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांना फोर्ट लार्नेड दाखवायला नेतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या व्यापारी गाड्यांच्या सांता फे वाटेच्या रक्षणासाठी १८५९ मध्ये उभारलेलं हे लष्करी ठाणं आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेलं आहे. १८७२ च्या सुमारास त्या भागातून रेल्वे गेली, वाटेवरची गाड्यांची वर्दळ ओसरली आणि १८७८ मध्ये लष्कराने ठाणं सोडलं. मधल्या वर्षांत तिथल्या सैनिकांना रोजची कवायत, घोड्यांची देखभाल आणि पहारा एवढंच काम उरलं असणार, असं लेखकाच्या डोक्यात आलं. लढाई नाही, शत्रू नाही, जवळ गाव नाही आणि लग्नाळू अधिकारी मात्र आहेत. फार्ससाठी याहून चांगली जागा नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते मला लगेच पटलं.

नाटक १८७३ सालातल्या एका काल्पनिक ठाण्यात घडतं. ठाण्याचा प्रमुख निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा मेजर. एक फर्स्ट लेफ्टनंट, जो ठाण्याचा अ‍ॅडज्युटंट आहे, म्हणजे हुकूम, हजेरी आणि पाळ्यांचे तक्ते त्याच्या हाताखालून जातात. दुसऱ्या ठाण्यावरून बदलून आलेला एक कॅप्टन. ठाण्यातल्या परवानाधारक दुकानदाराची बहीण, जी प्रत्यक्षात दुकान चालवते. आणि कंपनीची, म्हणजे सैनिकांच्या तुकडीची धोबीण, जी दोन्ही अधिकाऱ्यांचे शर्ट धुते आणि दोघांच्या खिशांत काय सापडतं ते जाणते. (अमेरिकन लष्करात १८०२ पासून दर कंपनीमागे चार धोबिणींना अधिकृत शिधा मिळे. १८७८ मध्ये नव्या नेमणुका थांबवण्याचा हुकूम निघाला.)

पात्रं मराठीत बोलतात, पण हुद्दे, जागा आणि नियम अमेरिकनच आहेत. परक्या मुलखातली माणसं रंगमंचावर मराठीत भांडताना बघायची सवय आपल्या प्रेक्षकाला पूर्वीपासून आहे, त्यामुळे यावर कोणी फार अडून बसलं नाही.

अडचण

पहिल्या वाचनाला गटातले सगळे आणि घरची काही मंडळी होती. पहिल्या अंकात हशा आला. कॅप्टन येतो, दुकानात जातो, दुकानदारणीला बघतो, तेवढ्यात लेफ्टनंट आत येतो आणि दोघं एकाच वेळी एकाच साबणाच्या वडीला हात घालतात, इथपर्यंत छान चाललं. त्यानंतर दोघांच्या झटापटीचे प्रवेश एकामागून एक येत गेले. फुलं, कविता, घोड्याची शर्यत, शेवटी खोटं द्वंद्वयुद्ध. तिसऱ्या प्रवेशापासून हसू विरत गेलं. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर लोक चहाच्या थर्मासकडे बघू लागले.

वाचन संपल्यावर नायिकेचं काम करणारी सभासद दिग्दर्शिकेला म्हणाली, "ताई, मी दोन अंक काउंटरमागे उभी आहे. हे दोघं माझ्यासाठी भांडतायत असं सगळे म्हणतात, पण मी नसले तरी त्यांचं भांडण असंच चालेल."

मला वाटतं, सगळ्या प्रकरणातलं सर्वांत नेमकं वाक्य हेच होतं. दोघांच्या चुरशीत तिच्याकडून काहीच पणाला लागलेलं नव्हतं. ती कोणालाही हो म्हणाली असती तरी तिचं काही बिघडत नव्हतं आणि नाही म्हणाली असती तरीही नाही. शिवाय दोन्ही प्रतिस्पर्धी सारखेच होते. दोघंही फुलं आणत होते, दोघंही बढाया मारत होते. एकाचे संवाद दुसऱ्याला दिले असते तरी फरक कळला नसता.

दुसरी अडचण वेगळ्या जातीची होती. पहिल्या मसुद्यात एका आदिवासी टोळीचा प्रमुख विनोदी पात्र म्हणून येत होता, मोडकं बोलायचा आणि चोरून दारू विकायचा. या प्रकारचा विनोद अमेरिकन टीव्हीवरच्या जुन्या मालिकांत दिसतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय लेखकाचा स्वतःचा होता: तिसरा उमेदवार आणावा. मेजरलाच प्रेमात पाडावं. यातून दारामागे लपायला एक माणूस वाढला असता, पण काउंटरमागे उभी असलेली बाई तिथेच राहिली असती.

दुसरा पर्याय एका ज्येष्ठ सभासदाने मांडला: नाटक सह्याद्रीतल्या गडावर न्यावं, पोशाखही भाड्याने सहज मिळतील. त्यावर बराच खल झाला. हवालदार, सबनीस, सरनोबत अशी कारभाराची वाटणी तिथेही होती, एकाचा वचक दुसऱ्यावर राहावा अशी रचना होती आणि तिच्यातूनही फार्स निघू शकतो. पण गड म्हटला की आपल्या प्रेक्षकाच्या मनात आधी आदर जागा होतो. शिवाय लेखकाने ज्या रिकाम्या, कंटाळलेल्या ठाण्यावरून नाटक सुचवून घेतलं होतं, ते ठाणं गडावर उरत नव्हतं. दिग्दर्शिकेने नकार दिला. तो योग्य होता.

तिसरा पर्याय होता पाठलागाची दिशा उलटी करण्याचा. एबीसी वाहिनीवर १९६५ ते १९६७ या काळात दाखवलेल्या 'एफ ट्रूप' या मालिकेत ही युक्ती आहे. तिथे दुकान चालवणारी, बंदुकीत तरबेज जेन ही कॅप्टनच्या मागे असते आणि कॅप्टन लाजून पळतो. गटातल्या काहींनी ती पाहिलेली होती. उलटापालट केल्यावर हसू सहज येतं हे खरं, पण आमच्या नाटकात चुरस दोन पुरुषांमध्ये होती. बाईला पाठलागाला लावलं की तिला एकाची निवड आधीच करावी लागली असती आणि नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं.

चौथा पर्याय कोणी ठरवून मांडला नाही. तो फोर्ट लार्नेडच्या एका फेरीतून निघाला.

काय केलं

दिग्दर्शिकेने नेपथ्याच्या निमित्ताने गटाला तिथे नेलं. नेपथ्यकाराने तोवर लाकडी ओंडक्यांचं कुंपण आणि टेहळणीचे बुरूज असलेला किल्ला काढून ठेवला होता. तिथे गेल्यावर दिसलं की ठाण्याला तटबंदीच नाही. मधे कवायतीचं मोठं चौकोनी मैदान, भोवती वालुकाश्माच्या इमारती, एका बाजूला अधिकाऱ्यांची घरं एका रांगेत आणि प्रत्येकाला पुढे व्हरांडा. फार्स करणाऱ्याला हे दृश्य दिसलं की तो दारं मोजायला लागतो. नेपथ्यकाराने किल्ल्याचं चित्र तिथेच रद्द केलं आणि रंगमंचावर तीन व्हरांडे आणि तीन दारं उभी करायचं ठरलं.

घरांची माहिती वाचताना एक नियम हाती लागला, ज्याने नाटक उभं राहिलं. त्या काळच्या लष्करात अधिकाऱ्याला घर हुद्द्यावरून मिळे. नवा ज्येष्ठ अधिकारी ठाण्यावर आला की तो आपल्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याचं कोणतंही घर मागू शकायचा. त्या कनिष्ठाने सामान उचलायचं आणि आपल्याहून खालच्याचं घर घ्यायचं, त्याने त्याच्या खालच्याचं. एक माणूस आला की सगळी रांग हलायची आणि शेवटचा सेकंड लेफ्टनंट कधीकधी तंबूत जायचा. बायकामुलांसह राहणारी कुटुंबंही यातून सुटायची नाहीत.

मग लेखकाने कॅप्टनला शस्त्र दिलं ते हेच. फुलं, कविता, शर्यत सगळं काढून टाकलं. कॅप्टन येतो, दुकानासमोरच्या घराचा व्हरांडा बघतो आणि हुद्द्याच्या जोरावर ते घर मागतो. ते घर लेफ्टनंटचं असतं.

लेफ्टनंटकडे हुद्दा नाही, पण लेखणी आहे. पाळ्यांचा तक्ता तो करतो. ठाण्यात दर दिवशी एक अधिकारी चोवीस तासांसाठी 'ऑफिसर ऑफ द डे' नेमला जायचा. पहारा, कैदखाना, रात्रीची फेरी सगळं त्याच्या अंगावर, आणि मध्यरात्रीनंतरही त्याला पहारे तपासत फिरावं लागे. नृत्याच्या संध्याकाळी कॅप्टनचं नाव तक्त्यात कसं आलं, याचं उत्तर लेफ्टनंट अतिशय अदबीने देतो: "सर, क्रम आहे. मी फक्त लिहितो."

वाचनाला बसलेल्या लोकांनी हे वाक्य ऐकल्याबरोबर ओळखलं. साहेब एकीकडे आणि हेडक्लार्क दुसरीकडे, ही लढाई आपल्याकडच्या प्रत्येक कचेरीत कोणीतरी बघितलेली असते. आता दोन प्रतिस्पर्धी सारखे राहिले नाहीत. एकाच्या हातात हुद्दा, दुसऱ्याच्या हातात कागद. दोघंही नियम मोडत नव्हते, म्हणून मेजरला कोणालाच झापता येत नव्हतं. माझ्या मते फार्समधली चुरस इथेच जिवंत होते: प्रत्येक चाल कायदेशीर आणि प्रत्येक चालीमागचा हेतू उघडा.

राहिली ती दुकानदारीण. तिच्यासाठीही नियमच कामाला आला. १८७२ च्या लष्करी परिपत्रकानुसार ठाण्यावरच्या दुकानदाराचा माल आणि खरेदीच्या पावत्या तपासून भाव ठरवायचे काम अधिकाऱ्यांच्या एका समितीकडे होतं. ठाण्याच्या प्रमुखाची मंजुरी लागायची आणि भावांची यादी दुकानात टांगून ठेवावी लागायची. लेखकाने समितीवर कॅप्टन आणि लेफ्टनंट दोघांना बसवलं.

आता काउंटरमागच्या बाईचं चित्र बदललं. साखर, कॉफी, तंबाखू, डबाबंद पीच यांचे भाव ज्या दोघांच्या सहीने ठरणार, तेच दोघं तिच्याशी लग्न करायला टपलेले. एकाला तोडलं तर तो साखरेचा भाव पाडणार, दुसऱ्याला हसून बोललं तर पहिला पावत्या मागणार. साध्या शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर, तोही पगार वाटणारा अधिकारी येईल तेव्हा, त्यामुळे अर्धं ठाणं तिच्याकडे उधारीवर. उधारीच्या वहीत दोन्ही उमेदवारांची नावं आहेत आणि वही तिच्या हातात. तिला आता यादीवर दोघांच्या सह्या होईपर्यंत कोणालाच हो किंवा नाही म्हणायचं नाही. एवढं एक उद्दिष्ट मिळाल्यावर त्या सभासदाने पुढच्या तालमीत एकही ओळ न बदलता पहिला प्रवेश वेगळाच केला. साबणाच्या वडीवर दोन हात पडतात, तिथे आधी ती लाजायची. आता ती वडी उचलते, वजन करते आणि दोघांच्या नावावर अर्धी अर्धी लिहिते.

घरबदलाचा प्रवेश बसवायला सर्वांत जास्त वेळ गेला. लोखंडी पलंग, पत्र्याचा टब, बुटांची जोडी, वॉशस्टँड आणि गुंडाळलेला गालिचा एवढं सामान तीन व्हरांड्यांतून डावीकडून उजवीकडे जातं. पहिल्या तालमींत सगळे घाई करत होते आणि गोंधळ नुसता गोंधळच वाटत होता. दिग्दर्शिकेने सांगितलं की धावायचं नाही, प्रत्येकाने आपलं सामान लष्करी शिस्तीत उचलायचं आणि भेटेल त्या ज्येष्ठाला सलाम करायचा. हातात टब असताना सलाम कसा करायचा, हा प्रश्न सेकंड लेफ्टनंटचं काम करणाऱ्या मुलाने विचारला आणि त्याचं उत्तर म्हणून त्याने टब डोक्यावर घातला. तो प्रवेशाचा कळस ठरला.

निर्णयाच्या तीन जागा

आदिवासी प्रमुखाच्या पात्रावर गटात खरा वाद झाला. एक सभासद म्हणाला की जुन्या मालिकांत असं चालतं, लोक हसतात. दुसऱ्या एकीने फोर्ट लार्नेडला वाचलेलं सगळ्यांना सांगितलं. १८६७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन लष्कराच्या जनरल हॅनकॉकने याच ठाण्यावरून कूच करून पॉनी फोर्क नदीच्या काठचं शायेन आणि लकोटा या आदिवासी लोकांचं रिकामं केलेलं गाव जाळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सरकार आणि या टापूतल्या टोळ्या यांच्यात मेडिसिन लॉजचे करार झाले. कराराने ठरलेलं सामान घ्यायला शायेन, अरापाहो, कायोवा लोक याच ठाण्यावर येत असत. एवढं ऐकल्यावर मोडकं बोलणारा दारूविक्या प्रमुख रंगमंचावर आणणं कोणालाच जमणार नव्हतं. पात्र काढलं. चोरून दारू विकायचा धागा बरॅकमधल्या एका सार्जंटकडे दिला आणि तो तिथे जास्त शोभला.

दुसरी जागा शेवटाची. मूळ शेवटात लेफ्टनंट जिंकतो आणि लग्न होतं. आता दुकानदारणीचं उद्दिष्ट सही हे असल्यावर लग्न हा शेवट उसना वाटू लागला. गट दोन मतांत विभागला. वयाने मोठे सभासद म्हणत होते की विनोदी नाटक मांडवापर्यंत जायलाच हवं. शेवटी असं ठरलं: दोघांच्या सह्या एका कागदावर होतात, मेजर मंजुरी देतो, ती यादी भिंतीवर ठोकते आणि मग लेफ्टनंटला सांगते की तू समितीचा राजीनामा दिलास तर मी तुझ्याबरोबर नृत्याला येईन. कॅप्टन समितीवर राहतो आणि आता त्याला भाव रास्तच ठेवावे लागतात, कारण वाकडं केलं तर मत्सर उघडा पडेल.

तिसरी जागा तालमीबाहेरची होती. कॅप्टनचं काम करणारे गृहस्थ अनुभवी, टाळ्या घेणारे. त्यांनी आपल्या वाक्यांत कोट्या भरायला सुरुवात केली. लेफ्टनंटचं काम करणाऱ्यानेही मग मागे राहायचं नाही असं ठरवलं. प्रवेश लांबले आणि नायिकेची वाक्यं दोघांच्या मधे हरवू लागली, म्हणजे पहिल्या वाचनाचीच अडचण दारातून परत आली. दिग्दर्शिकेने कोणाला टोचून न बोलता एक सोपा नियम घातला: नवं वाक्य घालायचं असेल तर ते दुकानदारणीला उद्देशून हवं आणि तिला त्यावर करण्यासारखं काहीतरी हवं. "काका, कोटी छान आहे, पण ती ऐकून हिने काय करायचं?" एवढंच त्या विचारायच्या. अर्ध्या कोट्या आपोआप गळल्या.

निष्पत्ती

दोन प्रयोग झाले. घरबदलाला आणि पाळीच्या तक्त्याला अपेक्षेपेक्षा जास्त हशा आला. भावाच्या यादीच्या प्रवेशाला हशा कमी आणि लक्ष जास्त होतं. पहिल्या रांगांतल्या बायका पुढे झुकून बघत होत्या. मला ते हशापेक्षा मोलाचं वाटतं.

शेवटाबद्दल मतं वेगवेगळी पडली. पहिल्या प्रयोगानंतर काही ज्येष्ठ प्रेक्षकांनी विचारलं की अहो, मग लग्न झालं की नाही? दुसऱ्या प्रयोगात दिग्दर्शिकेने धोबिणीला एक वाक्य वाढवून दिलं, ज्यात ती लेफ्टनंटचा शर्ट वाळत घालताना म्हणते की याच्या खिशात आता राजीनाम्याचा कागद आहे, अंगठीचं पुढच्या पगाराला बघू. प्रश्न तरीही आले, पण थोडे.

सार्जंटचा दारूचा धागा मात्र फारसा रंगला नाही. तो काढला असता तरी चाललं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

ठाण्याची फेरी आधी व्हायला हवी होती. नियम वाचायच्या आधी प्रेमाचे प्रवेश लिहिले गेले आणि ते सगळे फेकावे लागले. अशा जागेवरचं नाटक लिहिणाऱ्याने तिथे कोणाला कोणत्या कागदाने काय मिळतं आणि कोणाचं काय जातं, एवढं आधी गोळा करावं. चुरस कोणत्या रस्त्याने धावणार ते त्यातूनच कळतं.

धोबिणीला आणखी जागा द्यायला हवी होती. दोन्ही उमेदवारांचे कपडे तिच्याकडे, दोघांची पत्रं खिशातून तिच्या हाती, आणि सैनिकांच्या पगारातून तिचे पैसे वसूल व्हायचे तेही अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. दुकानदारणीसारखंच तिचंही या दोघांवर अवलंबून असलेलं काहीतरी होतं. नाटकात ती बातम्या पुरवण्यापुरती राहिली.

आणि आदिवासी पात्र काढल्यावर ती जागा पूर्ण रिकामी ठेवायची गरज नव्हती. विकृत चित्र टळलं हे चांगलंच झालं, पण आता आमच्या ठाण्याभोवती कोणी राहतच नाही असं वाटतं, आणि ते खरं नाही. पुढचा प्रयोग झाला तर मी लेखकाला भावाच्या यादीच्या प्रवेशात एक गोष्ट सुचवणार आहे. कॅप्टन पावत्या तपासताना विचारतो की ही बायसनच्या कातड्यांची नोंद कोणाची. दुकानदारीण वहीतलं खातं उघडून दाखवते, ज्यावर ठाण्यातल्या कोणाचंही नाव नाही, हिशोब चोख आहे, आणि समितीला त्या खात्याबद्दल काय बोलावं ते सुचत नाही.